नाव नको, डाग सांग

आमच्या घरी माणसं चेहऱ्यावरून लक्षात राहत नसत. पारनाक्यावरच्या अमक्या सावकारांचं नाव काढलं तर अप्पा कपाळाला आठ्या घालून विचारात पडत. पण ‘डाव्या पोटरीवरचं इसब’ म्हटलं की लगेच त्यांचा चेहरा उजळे आणि ‘हां, म्हणजे ज्यांच्या मुलाच्या मुंजीत आपण जिलबी खाल्ली ते’ असं उत्तर येई. अप्पा म्हणजे माझे वडील. कल्याणात त्यांची वैद्यकी होती. ताप, खोकला, पोटशूळ हे सगळं ते पाहत, पण मनापासून नाही. त्यांचा खरा जीव कातडीवर. पोटातलं दुखणं चोरासारखं लपून बसतं, कातडी बिचारी सगळं बाहेर मांडून ठेवते आणि तरी लोक नीट बघत नाहीत, असं ते म्हणत. रस्त्यानं चालताना समोरून येणाऱ्याच्या मानेकडे, कोपराकडे, बोटांच्या बेचक्यांकडे त्यांची नजर आधी जाई, नमस्कार मागाहून. आई त्यांना लग्नकार्याला घेऊन जायला नाखूष असायची ती यामुळेच. पंगतीत वाढप्याच्या हाताकडे टक लावून बघत बसले की शेजारच्या चार पानांवरची माणसं भात खाली ठेवत.

घर लहानसंच होतं. पुढे ओसरी, तिथं दुखणाईत बसत. मग माजघर, त्याच्या एका अंगाला स्वयंपाकघर आणि देवघर, आणि मागे परसू. उजाडायच्या आत खलबत्त्याचा ठणठण आवाज सुरू होई, आणि तो थांबला की लांब खाडीवरून पडावांवरच्या माणसांच्या हाका ऐकू येत. गंधकाचा, करंजेलाचा आणि आईच्या घावनांचा वास एकमेकांत असा मिसळलेला असे, की अजूनही कुठे करंजेलाची बाटली उघडली तर मला भूक लागते. या घरात फोडणीची हळद कुठली आणि फोडाची कुठली हे मेलं एकदा मला कुणीतरी सांगा, असं आई दिवसातून एकदा तरी म्हणे. ओसरीवर सगळ्या तऱ्हेची माणसं येत. मिठागरांतले आगरी पायाच्या भेगा घेऊन येत, मोहन्याकडचे शेतकरी उन्हाळ्यात घामोळ्यांनी आणि पावसाळ्यात चिखल्यांनी हैराण होऊन येत. कचेरीतले कारकून अंगरख्याच्या आत लपवलेलं गजकर्ण घेऊन येत आणि इतर लोक उठून जाईपर्यंत हवापाण्याच्या गोष्टी करत बसत.

अडचण होती ती बायकांची. घरंदाज बाई परक्या पुरुषाला मनगटापलीकडे हात दाखवत नसे, मग पाठ, मान, पोटरी या गोष्टी लांबच राहिल्या. त्या माजघरात बसत, मधल्या दाराची एक फळी लावलेली असे, आणि फळीपलीकडे ओसरीवर अप्पा. आतलं त्यांना कुणीतरी बघून सांगावं लागे. आधी हे काम माझ्या आत्याकडे होतं, पण तिला प्रत्येक गोष्ट ‘कायसंसं लालसर’ दिसे. मग आईला बसवून पाहिलं. आई डागापर्यंत पोचायच्या आधी त्या बाईची सासू, जावा, माहेर आणि डोहाळे इथपर्यंत सगळं सांगून टाकी, आणि एकदा तर एका बाईचं केसतूड बघून तिलाच घेरी आली. शेवटी माझ्यावर आलं. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. माझं लग्न झालेलं होतं, सासरी नांदायला जायला मात्र अजून अवकाश होता, म्हणजे घरात माझा तसा काहीच उपयोग नव्हता.

अप्पांनी मला शिकवायला घेतलं तेव्हा नियम एकच सांगितला. दुखण्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. ‘नाव ठेवायला मी आहे,’ ते म्हणाले, ‘तू काय दिसतं तेवढं सांग. नाव घेतलं ना ठमे, की माणूस बघायचं थांबतो.’ आधी जागा सांगायची. मग केवढं ते, मोहरीएवढं, मुगाएवढं, वालाएवढं की आवळ्याएवढं. मग रंग. मग आपले डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचं आणि सांगायचं, अंगाशी सपाट आहे की चढलेलं. मग कड बघायची, नीट आखलेली की आजूबाजूला विरून गेलेली. कोरडं आहे की ओलं, कोंडा सुटतो की खपली धरते. सगळ्यात शेवटी त्या बाईला विचारायचं, खाज आहे की आग आहे की काहीच वाटत नाही. ‘काहीच वाटत नाही’ असं मी सांगितलं की फळीपलीकडे अप्पा एकदम गप्प होत. ते का, हे मला फार उशिरा कळलं.

या कामात मला इतकी गोडी लागेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. नागीण मी पहिल्यांदा बघितली ती अजून डोळ्यांसमोर आहे. कमरेच्या एकाच बाजूला, लाल भुईवर पाण्यानं भरलेल्या पुटकुळ्यांचे झुबके, जसे कुणी मुद्दाम रांगेनं लावलेत. गजकर्णाची कड चढलेली आणि मध्ये साफ होत गेलेलं. गालांवरचा वांग फुलपाखराच्या पंखांसारखा दोन्हीकडे सारखा. पित्ताच्या गांधी म्हणजे नुसता खेळ. एका बाईच्या दंडावरची गांध मी दारापाशी जाऊन अप्पांना सांगितली आणि परत येऊन बघते तो दंड साफ, गांध मानेवर. मला वाटलं मी खोटी पडले. फळीपलीकडून अप्पा हसून म्हणाले की पळालं ना, मग काय आहे ते मला कळलं. घरातही माझी नजर स्वस्थ बसेना. तव्यावरच्या घावनाची कड उचलायला लागली आणि मध्ये जाळी पडली की मी म्हणे, ‘कड चढलेली, मध्ये साफ,’ आणि आई हातातलं उलथनं माझ्यावर उगारी. भाजणाऱ्या पापडावर फोड उठायला लागले की धाकटे भाऊ मुद्दाम मला हाक मारत. सासरच्यांना कळलं की ही पोर लोकांचे फोड बघत फिरते तर ते पायरी चढू देणार नाहीत, ही आईची काळजी. अप्पांचं उत्तर ठरलेलं होतं, की सासरीही माणसांना कातडी असतेच.

आता माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय आणि माझा नातू मुंबईला डॉक्टरी शिकतो. सुट्टीत आला की रंगीत चित्रांचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन मला एकेक अवघड नाव वाचून दाखवतो. मी म्हणते, नाव राहू दे बाबा, चित्रात काय दिसतंय ते सांग. तो सांगायला लागतो आणि दुसऱ्या वाक्यालाच अडखळतो. मग मी सांगते, त्याची जागा कुठे असेल, कड कशी असेल, आणि तो पुस्तकात बघून माझ्याकडे बघत राहतो. म्हातारपणी अशा दोन-चार गमती हाताशी असाव्यात.

पण मला सांगायची आहे ती गोदाताईची गोष्ट. गोदाताई आमच्या शेजारची. तिचे वडील मामलेदार कचेरीत कारकून. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, आणि तिला हसायला कारण लागत नसे. नुसतं तिच्या काखेच्या दिशेनं बोट नेलं तरी ती लोळत असे. तिला ठाण्याला तळ्याकाठच्या एका चांगल्या घरी दिली होती. त्या चैत्रात ती अचानक माहेरी आली, सोबत ट्रंक आणि सगळी लुगडी. सणाला आलेली मुलगी सगळी लुगडी घेऊन येत नाही, हे मलाही कळत होतं. आठवडाभरात गल्लीत कुजबुज सुरू झाली. तिच्या सासूनं, उमाकाकूंनी, न्हाताना तिच्या पाठीवर पांढरे डाग बघितले होते. कोड, असा शब्द बायका ओठांवर पदर धरून बोलत. उमाकाकूंनी तिला गाडीत बसवून दिलं होतं आणि मुलासाठी शहापूरकडची दुसरी मुलगी बघून ठेवली होती. नवऱ्याचं म्हणावं तर त्याच्या तोंडाला आईसमोर कुलूप. गोदाताईचं हसणं बंद झालं होतं. मी तिच्याकडे बोट रोखून बघितलं, ती नुसती बाजूला सरकली. मला रडूच आलं.

गोदाताईच्या वडिलांनी फार गयावया केली तेव्हा उमाकाकू एवढ्याला कबूल झाल्या की कल्याणच्या वैद्यांकडून एकदा निकाल होऊ दे, मग शहापूरकरांना होकार कळवू. उमाकाकू सकाळच्या गाडीनं आमच्याकडे आल्या. उंच, सडसडीत, नाकावर माशी बसू न देणारी बाई. आईनं आंबेडाळ वाटली होती, पन्हं केलं होतं. पन्ह्याचं फुलपात्र गोदाताईनं नेऊन त्यांच्यापुढे ठेवलं. उमाकाकूंनी त्याच्याकडे बघितलं आणि बोटभर लांब सरकून बसल्या. पन्हं तसंच राहिलं. गोदाताईची आई देवघराच्या दारात बसली होती, ती भिंतीकडे बघायला लागली.

परसदारी उजेड चांगला येई, त्या बाजूला पाठ करून गोदाताईला पाटावर बसवलं. मी तिच्या पाठीशी, उमाकाकू भिंतीला टेकून, आणि फळीपलीकडे अप्पा. अप्पांनी घसा खाकरला. मी सांगायला लागले. ‘जागा दोन्ही खांद्यांच्या मध्ये. वरचा वालाएवढा, बाकीचे मुगाएवढे, खाली गेल्यावर एकमेकांत मिसळलेत. पांढरेशुभ्र नाहीत. अंगावर ताक सांडून पुसून घेतल्यासारखे दिसतात.’ अप्पांनी विचारलं, दुधासारखे नाहीत ना? मी नाही म्हटलं. मग बोट फिरवायला सांगितलं, ते सपाट लागलं. डागावरची लव विचारली, ती काळी होती. मग ते म्हणाले की देवघरातली कोरडी फुलवात घे, गोदेला डोळे मिटायला सांग, आणि डागांवरून नुसती टेकव. मी वात टेकवली मात्र, गोदाताई पाटावरून उडाली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा खिदळली. ‘अगं ठमे, पुरे गं, गुदगुल्या होतात.’ तिला हसताना ऐकून फळीपलीकडे अप्पाही हसले. बधिर डागाची, म्हणजे महारोगाची, जी भीती कुणी बोलून दाखवली नव्हती ती तिथंच मिटली. शेवटी त्यांनी नखानं हळूच खरवडायला सांगितलं. नखाखाली पिठाच्या चाळणीत राहतो तसा बारीक कोंडा आला.

‘शिबं आहे,’ अप्पा म्हणाले. ‘घामानं येतं, औषधानं जातं. कोडाचा इथं संबंध नाही.’

गोदाताईच्या आईनं हात जोडले. उमाकाकूंचा चेहरा मात्र तसाच. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, ‘वैद्यबुवा, तुम्ही यांचे शेजारी. शेजाऱ्याच्या पोरीला कोड आहे असं तुम्ही कोणत्या तोंडानं म्हणाल? आणि बघितलं कुणी, तर या एवढ्याशा पोरीनं. हिच्या सांगण्यावर मी माझ्या मुलाचा संसार टांगून ठेवू?’

 न बघितलेल्या पाठीची शपथ अप्पा कशी घेणार. उमाकाकू परतायला म्हणून आपलं बोचकं घ्यायला वळल्या. माजघरात उकाडा मरणाचा होता. त्यांनी मानेवरचा पदर सैल केला आणि खाली वाकल्या, तेव्हा त्यांची पाठ परसदाराच्या उजेडाकडे होती आणि माझे डोळे नेहमीप्रमाणे जिथं जायला नको तिथं गेले. मला बोलावं की नाही हा प्रश्न पडलाच नाही. डाग दिसला की सांगायचा, एवढंच मला शिकवलेलं होतं.

‘अप्पा, अजून एक सांगायचं राहिलं,’ मी म्हटलं. ‘मानेच्या मागे, अंबाड्याच्या खाली. मुगाएवढे चार-पाच, कानाच्या बाजूला एकमेकांत मिसळलेत. सपाट दिसतात. ताक पुसल्यासारखे.’

‘हे तर मघाशी सांगितलंस.’

‘मघाशी पाठ होती. ही मान आहे.’

‘बरं. म्हणजे गोदेच्या मानेवरही पसरलंय.’

‘नाही अप्पा, गोदाताईची मान साफ आहे.’

 स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, तिनं कपाळाला हात लावलेला मला दिसला. उमाकाकूंचा हात हळूहळू मानेमागे गेला. मग फळीपलीकडून अप्पांचा अगदी मऊ आवाज आला. ‘ठमे, मान कुणाची ते मला सांगू नकोस. पण दोन्ही डाग एका जातीचे दिसतात. एकीला जे म्हणायचं तेच दुसरीला म्हणावं लागेल. उमावहिनी, मी शेजारी पडलो, माझ्यावर तुमचा विश्वास नाही. तुम्हीच ठरवा. काय म्हणू दोघींना, कोड की शिबं?’

उमाकाकू खाली बसल्या, बोचकं मांडीवर घेऊन. मला वाटलं आता माझी धडगत नाही. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या गोदाताईकडे बघत होत्या.

‘माझी वेणी रोज तू घालायचीस,’ त्या म्हणाल्या. ‘तुला हे दिसलं नाही?’

‘दिसलं होतं,’ गोदाताई म्हणाली.

‘केव्हा?’

‘तुम्हाला माझे दिसायच्या आधी.’

‘मग बोलली का नाहीस? मी तुला घालवून देत होते तेव्हा तरी?’

गोदाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, ‘मलाही ते कोडच वाटत होतं. मला निदान माहेर आहे. तुम्हाला माहेरी कुणी नाही. तुम्ही कुठे गेला असता?’

हे तिनं अगदी साधेपणानं सांगितलं, चूल विझलीय की नाही हे सांगावं तसं. मी इतकी वर्षं माणसांची कातडी बघत आले, पण माणूस आतून कसा आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं असं मला वाटतं. उमाकाकूंनी डोळ्यांना पदर लावला नाही की गोदाताईला जवळ ओढलं नाही. त्या तशा बाई नव्हत्या. त्यांनी हात लांब करून ते पन्ह्याचं फुलपात्र उचललं, एका दमात रिकामं केलं आणि खाली ठेवलं.

‘शिबं म्हणा वैद्यबुवा,’ त्या म्हणाल्या. ‘दोघींनाही.’

अप्पांनी औषध सांगितलं. मुळ्याचं बी आंबट ताकात वाटून त्याचा लेप, वाळला की धुऊन टाकायचा. मग म्हणाले की या जागा अशा आहेत की आपला हात आपल्याला पोचत नाही, तेव्हा सासूनं सुनेला आणि सुनेनं सासूला लावायचा, त्याशिवाय गुण येणार नाही. शेवटचं वाक्य कोणत्या ग्रंथात आहे असं मी त्यांना नंतर विचारलं. ते खलबत्त्याकडे वळले आणि म्हणाले की सगळंच ग्रंथात नसतं. गोदाताईची लुगडी त्याच संध्याकाळी परत ट्रंकेत गेली. त्या दिवशी आईनं मला बोलायचं तेवढं बोलून घेतलं, आणि रात्रीच्या पानात आंबेडाळ दुसऱ्यांदा वाढली.

पुढे ठाण्याहून कुणी कल्याणला आलं की उमाकाकूंचा निरोप असायचा, मुळ्याचं बी पाठवा. पाऊस गेला, दिवाळी गेली, तरी निरोप येतच. अप्पा मनाशी हिशेब करत, आतापर्यंत डाग जायला हवे होते, औषध चुकलं की काय. शिबं उलटतं कधीकधी, पण इतकं चिवट त्यांनी पाहिलं नव्हतं. पुढच्या चैत्रात आई हळदीकुंकवाला ठाण्याला निघाली तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बरोबर धाडलं, आणि निघताना बजावलं की नीट बघून ये, आणि आल्यावर सगळं क्रमानं सांग.

आम्ही जरा लवकरच पोचलो. बायका अजून जमल्या नव्हत्या. मी आपली घरातून सरळ मागच्या अंगणात गेले. तिथं उमाकाकू पाठ करून पाटावर बसल्या होत्या, केस पुढे घेतलेले, आणि गोदाताई मागे बसून वाटीतला लेप त्यांच्या मानेला लावत होती. ‘जरा खाली,’ उमाकाकू सांगत होत्या, ‘तिथं नव्हे गं, डावीकडे. हां. आता चोळ जरा.’ मी जवळ जाऊन उजेडाच्या बाजूनं वाकून बघितलं, शिकवल्याप्रमाणे. जागा तीच, पण रंग सगळीकडे एक. कड नाही, कोंडा नाही.

‘काकू,’ मी म्हटलं, ‘तुमची मान साफ झालीय. डाग केव्हाच गेलेत.’

उमाकाकूंनी मान वळवली नाही. ‘तुला विचारलं कुणी?’ त्या म्हणाल्या. ‘तू लाव गं गोदा, थांबलीस कशाला?’

गोदाताईनं ओठ दाबून हसू आवरलं आणि पुन्हा वाटीत बोटं बुडवली.